रक्तगटांचा हिशेब : दहा हजारांत आपले किती?

वाहन चालविण्याच्या परवान्यावर, शाळेच्या ओळखपत्रावर, कारखान्याच्या कार्डावर आणि हल्ली तर लग्नाच्या बायोडाटातही रक्तगटाचा एक रकाना असतो. बहुतेक जण तो भरतात आणि विसरून जातात. त्या एक-दोन अक्षरांना अर्थ येतो तो एखाद्या रात्री 'ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवे' असा निरोप मोबाइलवर झळकतो तेव्हा. निरोपात रुग्णालयाचे नाव असते, दूरध्वनी क्रमांक असतो, 'कृपया पुढे पाठवा' अशी विनंती असते. या गटाची माणसे त्या परिसरात मुळात असतील तरी किती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आधीच काढून ठेवता येते, आणि ते काढून पाहणे उद्बोधक आहे.

उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा घेऊ. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले, की राजूरचा घाट उतरून रस्ता मोताळ्यात येतो. नळगंगा धरण याच तालुक्यातले. मोठी शस्त्रक्रिया किंवा अडलेले बाळंतपण असेल आणि दुर्मीळ गटाचे रक्त लागणार असेल, तर येथील नातेवाइकांना घाट चढून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते किंवा मलकापूर, खामगाव, अकोला, जळगाव अशी फोनाफोनी करावी लागते. पुण्या-मुंबईत एका रक्तपेढीत नसलेली पिशवी दुसरीत मिळण्याची शक्यता असते. तालुक्याच्या गावी मात्र पिशवी म्हणजे अखेर माणूसच, आणि तोही हाकेच्या अंतरावर असलेला.

आता थोडी उजळणी. व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले, की सर्व माणसांचे रक्त सारखे नसते. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. या साखळीच्या टोकाला एका प्रकारचा रेणू जोडला गेला तर गट 'ए', दुसऱ्या प्रकारचा जोडला गेला तर 'बी', दोन्ही असतील तर 'एबी' आणि काहीच जोडले गेले नाही तर 'ओ'. जो रेणू आपल्या पेशींवर नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तद्रवात जन्मानंतर काही महिन्यांतच तयार होतात. म्हणूनच चुकीच्या गटाचे रक्त दिले तर ते शरीरात गेल्याबरोबर नष्ट होऊ लागते आणि रुग्णाच्या जिवावर बेतते. 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' हा भेद त्याहून निराळा. तो आर-एच या दुसऱ्या पद्धतीतला असून १९४० च्या सुमारास उलगडला. लँडस्टायनर यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

गटांचे प्रमाण किती? भारताच्या पाच विभागांतील दहा हजार निरोगी रक्तदात्यांची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ओ गट ३७.१२ टक्के, बी ३२.२६ टक्के, ए २२.८८ टक्के आणि एबी ७.७४ टक्के आढळला. पॉझिटिव्ह ९४.६१ टक्के होते. म्हणजे निगेटिव्ह साडेपाच टक्क्यांहून थोडे कमीच. महाराष्ट्रातील रक्तपेढ्यांच्या नोंदी पाहिल्या, तर कोठे ओ किंचित पुढे दिसतो, कोठे बी. ए तिसरा आणि एबी शेवटचा, हा क्रम मात्र सहसा बदलत नाही.

टक्केवारीने मनाला काही बोध होत नाही, म्हणून माणसांत बोलू. हिशेबाच्या सोयीसाठी दहा हजार वस्तीचे एक गाव धरले, तर त्यात ओ गटाचे सुमारे ३,७००, बी गटाचे ३,२००, ए गटाचे २,३०० आणि एबी गटाचे पावणेआठशे लोक असतील. निगेटिव्ह सगळे मिळून ५४० च्या आसपास. त्यांत ओ निगेटिव्ह २००, बी निगेटिव्ह पावणेदोनशे, ए निगेटिव्ह सव्वाशे आणि एबी निगेटिव्ह अवघे ४२.

दोनशे हा आकडा ऐकायला पुष्कळ वाटतो. पण रक्तदानासाठी वय १८ ते ६५ लागते, वजन किमान ४५ किलो लागते आणि हिमोग्लोबिन साडेबारा लागते. मुले आणि वृद्ध वगळले, की दोनशेतले साधारण १२० उरतात. त्यांत निम्म्या स्त्रिया. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के आहे. ही चाळणी लावली, की सुमारे सत्तर-पंच्याहत्तर नावे हाती राहतात. त्यांतून कोणी गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेले, कोणी गरोदर किंवा अंगावर पाजणारी, कोणी मधुमेहावर इन्सुलिन घेणारा, कोणी कामासाठी सुरतेला किंवा पुण्याला गेलेला. एबी निगेटिव्हच्या ४२ जणांवर हीच वजाबाकी केली तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे शिल्लक राहतात. रक्तगटाची दुर्मीळता निसर्गाने ठरविली हे खरे. पण या वजाबाकीतला मोठा वाटा कुपोषणाचा आहे, आणि त्याचा रक्तगटाशी काही संबंध नाही.

कोणाला कोणाचे रक्त चालते, यावरही अडचण अवलंबून असते. बी पॉझिटिव्ह रुग्णाला बी आणि ओ या दोन्ही गटांच्या तांबड्या पेशी चालतात, म्हणजे शंभरातले ६९ जण त्याचे संभाव्य दाते. ओ पॉझिटिव्ह रुग्णाला केवळ ओ चालतो. त्याचे दाते ३७. ओ निगेटिव्हची गंमत अशी, की त्याच्या पेशी जवळपास सर्वांना चालतात, त्याला मात्र ओ निगेटिव्हच लागतो. त्याचे दाते शंभरात दोन. ज्याला सर्वदाता म्हणून गौरविले जाते, तोच रुग्ण झाला की सर्वांत अवघडलेला असतो. इंग्लंडसारख्या देशात निगेटिव्ह लोक शंभरात पंधराच्या घरात असल्याने तेथे ही टंचाई इतकी तीव्र नसते. परदेशी पुस्तकांतले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत ते यासाठीच.

शिबिरांचे गणित

नेत्याचा वाढदिवस, महापुरुषाची जयंती, गणेशोत्सव या निमित्ताने आपल्याकडे रक्तदान शिबिरे भरतात आणि एका दिवसात शे-दोनशे पिशव्या जमतात. भावना उत्तमच. पण नेहमीच्या पद्धतीने साठविलेले रक्त ३५ दिवस टिकते, पोषक द्रावण मिसळलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस आणि प्लेटलेट तर फक्त पाच. जानेवारीत जमलेली पिशवी एप्रिलमध्ये उपयोगी पडत नाही. आणि एप्रिल-मे मध्येच महाविद्यालये बंद असल्याने टंचाई सुरू होते.

दुसरी बाजू निव्वळ शक्यतेची आहे. शंभर दात्यांच्या शिबिरात सरासरीने ओ निगेटिव्ह दोन असतील. पण सरासरी दोन म्हणजे प्रत्येक वेळी दोन नव्हेत. दर सात-आठ शिबिरांमागे एका शिबिरात या गटाचा एकही दाता आलेला नसतो. एबी निगेटिव्हच्या बाबतीत तर दर तीन शिबिरांपैकी दोन कोरडी जातात. वर्षातून एक मोठे शिबिर घेण्यापेक्षा दर दोन महिन्यांनी एक लहान शिबिर आणि जोडीला निगेटिव्ह दात्यांची स्वतंत्र यादी, ही व्यवस्था लहान गावासाठी कितीतरी अधिक उपयोगाची. छायाचित्र मात्र मोठ्या शिबिराचेच चांगले येते, त्याला काय करणार!

संशयाचे रक्त

आई-वडील दोघेही पॉझिटिव्ह आणि बाळ निगेटिव्ह, हे ऐकल्यावर अनेक घरांत भुवया उंचावतात. कुजबुज होते, क्वचित एखाद्या सुनेला त्याचा जाच होतो. हा निव्वळ अज्ञानाचा परिणाम आहे.

प्रत्येक गुणधर्माच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती निगेटिव्ह असल्या तरच माणूस निगेटिव्ह ठरतो. एक जरी पॉझिटिव्ह असली, तरी तो पॉझिटिव्हच दिसतो आणि दुसरी प्रत गुपचूप पुढच्या पिढीकडे जाते. समाजातील प्रमाणावरून या दडलेल्या प्रतींची संख्या काढण्याचे सूत्र ब्रिटिश गणिती हार्डी आणि जर्मन वैद्यक वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. निगेटिव्ह लोक ५.३९ टक्के असतील, तर त्या संख्येचे वर्गमूळ घेऊन कळते, की समाजातील एकूण प्रतींपैकी २३ टक्के प्रती निगेटिव्ह आहेत. यावरून निष्पन्न होते ते असे, की शंभरांतले ३५-३६ लोक स्वतः पॉझिटिव्ह असूनही एक निगेटिव्ह प्रत बाळगून आहेत. आणखी पुढे गेले तर दिसते, की जन्मणाऱ्या दर पाच निगेटिव्ह बाळांपैकी जवळपास तिघांचे आई-वडील दोघेही पॉझिटिव्ह असतात. म्हणजे ज्याला अपवाद समजून संशय घेतला जातो, तोच आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. ओ गटाचेही तसेच. ए गटाची आई आणि बी गटाचे वडील यांना ओ गटाचे मूल होऊ शकते. ओ गटाचे लोक ३७ टक्के दिसतात, पण त्याच्या प्रती सर्व प्रतींच्या ६१ टक्के आहेत.

निगेटिव्ह प्रतीची खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायला हवी. आई निगेटिव्ह आणि पोटातले बाळ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात मिसळून तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पहिले बाळ बहुधा सुखरूप असते. धोका पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला. निगेटिव्ह आईची चारांपैकी तीन बाळे पॉझिटिव्ह असतात, हेही वरच्याच सूत्रातून निघते. यावर 'अँटी-डी' हे इंजेक्शन १९६८ पासून उपलब्ध आहे. प्रसूतीनंतर, तसेच गर्भपातानंतरही, ७२ तासांच्या आत ते द्यायचे असते. त्यासाठी आईचा रक्तगट गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच ठाऊक हवा. गर्भपातानंतरचे इंजेक्शन विसरले जाते, आणि त्याची किंमत पुढच्या खेपेला मोजावी लागते.

रणभूमीवरची मोजणी

निरनिराळ्या लोकसमूहांत गटांचे प्रमाण वेगवेगळे असते, हे प्रथम कळले ते पहिल्या महायुद्धात. ग्रीसमधील सलोनिका आघाडीवर अनेक देशांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टर दांपत्याने तेथे आठ हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासले आणि १९१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत हिंदी सैनिकही होते. इंग्रज सैनिकांत बी गट ७ टक्के होता, तर हिंदी सैनिकांत ४१ टक्के! इंग्रजांत ए ४३ टक्के, हिंदी सैनिकांत १९. या फरकाने हिर्शफेल्ड दांपत्य इतके चकित झाले, की ए आणि बी हे गट माणसाच्या दोन निराळ्या मूळ वंशांतून आले असावेत आणि बीचे उगमस्थान हिंदुस्थान असावे, असा तर्क त्यांनी केला.

तो तर्क चुकीचा ठरला. ए आणि बी हे भेद माणसापुरते नसून माकडांच्या काही जातींतही आहेत आणि ते लक्षावधी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजांपासून चालत आले आहेत, असे आता मानले जाते. मग भारतात आणि मध्य आशियात बी अधिक का? स्थलांतरे आणि लहान टोळ्यांतील योगायोग हे एक कारण. रोगराई हे दुसरे. ओ गटाच्या लोकांत घातक मलेरियाचे प्रमाण कमी असते, हे बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. याउलट पटकी झाली तर ओ गटाच्या रुग्णांत ती अधिक तीव्र होते, आणि पटकीचे माहेरघर असलेल्या गंगेच्या त्रिभुज प्रदेशात ओ गट तुलनेने कमी आहे. शेकडो पिढ्यांच्या साथींनी ही टक्केवारी घडविली असावी, असे यावरून दिसते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास बराच जुना आहे. एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या रक्तगटादी आनुवंशिक लक्षणांची तुलना १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची अशीच तुलना केली. एकाच दर्जाच्या मानल्या गेलेल्या या पोटजातीही एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आढळल्या. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच लग्ने लावण्याचा हा परिणाम. मात्र येथे एक खुलासा केला पाहिजे. फरक आहे तो प्रमाणाचा. अमुक गट अमुक जातीचा, असे काही नसते. चारही गट सर्व जातींत आणि धर्मांत आहेत, आणि जीव वाचविणारी पिशवी कोणत्या आळीतून आली हे तांबडी पेशी सांगत नाही. रक्तगटावरून स्वभाव ओळखणे किंवा आहार ठरविणे यालाही शास्त्राचा आधार नाही.

ओ दिसणारा, पण ओ नसणारा

अंतर्विवाहाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या राज्याच्या राजधानीचे नाव मिळालेल्या रक्तगटाकडे वळले पाहिजे. मुंबईत दोन जखमी, एक रेल्वे अपघातातला आणि एक भोसकला गेलेला, यांना कोणाचेच रक्त जुळेना. १६० हून अधिक दात्यांचे रक्त तपासल्यावर एक मुंबईकर असा सापडला, की ज्याचे रक्त त्यांच्याशी जुळले. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनमधील सहकाऱ्यांसह १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या नव्या प्रकाराची माहिती दिली. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

वर सांगितलेल्या साखळीच्या पायाशी 'एच' नावाचा घटक असतो. ए आणि बीचे रेणू त्याच्यावर बसतात, आणि ओ गटात नुसता एच असतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत हा पायाच नसतो. मग ए किंवा बीचे जनुक असूनही त्याचा रेणू बसायला जागा नाही. नेहमीच्या साध्या चाचणीत असे रक्त 'ओ' दिसते. पण या व्यक्तीच्या रक्तद्रवात एच विरुद्ध प्रतिपिंडे असतात. तिला सर्वदात्याचे ओ रक्तही घातक ठरते. भाटिया आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मुंबईतील प्रमाण सुमारे साडेसात हजारांत एक असे दिले. भारतासाठी ढोबळमानाने दहा हजारांत एक असे धरतात, तर युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आहे. ढोबळ प्रमाणाने या जिल्ह्यात अशा अडीचशे व्यक्ती असायला हव्यात. पण हा गट सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. तो नात्यातल्या लग्नांच्या घराण्यांत गोळा होतो. आणि या अडीचशेंपैकी बहुतेकांच्या परवान्यावर निःशंकपणे 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलेले असणार.

ही चूक टाळण्याचा उपाय महागडा नाही. केवळ रुग्णाच्या पेशी तपासून न थांबता त्याच्या रक्तद्रवाची ज्ञात गटाच्या पेशींशी, विशेषतः ओ पेशींशी, उलट तपासणी करायची. ओ म्हणून नोंदलेल्या माणसाच्या रक्तद्रवाने ओ पेशींच्याच गुठळ्या केल्या, तर तंत्रज्ञाला तेथेच थांबायचे असते. रक्तपेढीत ही तपासणी आणि पिशवी देण्यापूर्वीची जुळवणी नियमाने होते. शिबिराच्या मांडवात काचपट्टीवर काढलेला गट हा प्राथमिक अंदाज समजावा. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्था अशा अवघड नमुन्यांचा उलगडा करते.

दुर्मीळ गटाचा माणूस सापडला, की पुढचा शोध त्याच्या घरातच घ्यावा. दोन्ही प्रती सारख्या असाव्या लागणाऱ्या गटात सख्ख्या भावा-बहिणीचा गट तोच असण्याची शक्यता किमान चारात एक असते; दहा हजारांत एक कोठे आणि चारात एक कोठे! ही नावे दात्यांच्या यादीत आधीच हवीत. एक काळजी मात्र आवश्यक : जवळच्या नातलगाचे रक्त विशिष्ट किरणोत्सर्गाची प्रक्रिया केल्याशिवाय देऊ नये, कारण त्यातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून त्याच्यावरच उलटू शकतात.

मे २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील एका महिलेवर इंदूरला उपचार सुरू होते. तिचा गट बॉम्बे असल्याचे उशिरा कळले. त्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळी तिला ओ पॉझिटिव्ह रक्त दिले गेले आणि प्रकृती बिघडली, असे त्या वेळच्या बातम्यांत नमूद होते. शोधाशोध झाली तेव्हा शिर्डीच्या एका दात्याचे नाव पुढे आले. त्याने मित्राची मोटार घेतली आणि चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून इंदूर गाठले. त्याचे नाव एका यादीत होते, म्हणून तो सापडला.